उजवी गाडी आधी

मारोतराव झाड्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, चष्मा नसतो, मोबाइलही नसतो. तिथं पितळी शिट्टी असते, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली. लग्नाला जाताना असते, मयतीला जाताना असते आणि त्यांच्या बायकोवर, म्हणजे आमच्या काकूंवर, विश्वास ठेवायचा तर झोपताना उशीखालीही असते. नोकरीतून निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी जातात. मारोतरावांनी शाल तिथल्याच हमालाला दिली आणि शिट्टी घेऊन आले.

हिंगणघाटच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल आणि कधी सुटेल हे भोंग्यावरून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे गावात झाडे म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही, ते कंट्रोलर. खुद्द काकूसुद्धा फोनवर बहिणीला सांगतात, "कंट्रोलर आंघोळीले गेले."

त्यांचं एक वाक्य गावात प्रसिद्ध आहे: "उजवी गाडी आधी." शेजारशेजारच्या दोन फलाटांवरून दोन गाड्या एकदम मागे घ्यायच्या नाहीत, आधी उजवीकडची निघेल, मग डावीकडची, हा त्यांचा स्टँडवरचा शिरस्ता. तो त्यांनी पुढे साऱ्या जगाला लावला. एका लग्नात नवरा-नवरीला आहेर द्यायला स्टेजच्या दोन्ही जिन्यांवरून माणसं चढत होती. डाव्या जिन्यावर एक पुढारी, मागे त्यांचे चार लोक आणि एक फोटोवाला. उजव्या जिन्यावर आमच्या कॉलेजचा शिपाई, हातात पाकीट. कंट्रोलर मध्ये उभे राहिले आणि त्यांनी पुढाऱ्याच्या छातीसमोर आडवा हात धरला. "उजवी गाडी आधी." शिपाई बिचारा घाबरून खाली उतरायला लागला, तर त्याला म्हणाले, "तू कायले परत जाऊन राह्यला? तुह्याच फलाट मोकळा हाय." पुढारी हसत थांबले, कारण फोटोवाला चालू होता. नंतर कंट्रोलरांच्या गल्लीतला रस्ता त्या वर्षी झाला नाही, पण दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही.

आता या माणसाला शोभेल अशी जागा गावात कुठली, तर बोलिंगचा हॉल. हिंगणघाटात बोलिंग कुठून आलं असं तुम्ही विचाराल. हायवेवरून आलं. नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून एक जुनं जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. मालक म्हातारे झाले, कापूस दुसरीकडे जायला लागला आणि पुण्याहून शिकून आलेल्या त्यांच्या रोहितनं रुईच्या लांबलचक गोदामात चार लेन टाकल्या. लेन म्हणजे लाकडी, गुळगुळीत, अरुंद पट्टा. त्याच्या टोकाला दहा पिना उभ्या, आणि अलीकडून बोटं घालायच्या भोकांचा जड गोळा घरंगळत सोडून त्या पाडायच्या. हायवेवरचे प्रवासी जेवायला थांबतील आणि खेळतीलही, असा रोहितचा अंदाज होता. प्रवासी जेवले आणि हैदराबादला गेले. मागे उरलो आम्ही. वाऱ्याचा झोत आला की अजूनही छतावरून जुनी रुई लेनवर पडते आणि गोळा अंगाला कापूस लावून पिनांपर्यंत जातो.

रविवारी सकाळी आमची लीग असते. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. शिवाय एक दातांचे डॉक्टर, बँकेतले अकाउंटंट, दोनचार दुकानदार, काही निवृत्त मंडळी. सुरुवातीचे रविवार हॉलमध्ये आमच्या चौकातल्यासारखेच गेले. चौघं एकदम धावायचे, कोपरं लागायची, लेनच्या तोंडाशी उभं राहून एखादा सोयाबीनचा भाव विचारायचा, आणि गोळा आपल्या लेनमधून निघून शेजाऱ्याच्या पिना पाडायचा, त्या कोणाच्या यावर भांडण. रोहितनं वैतागून शिष्टाचाराचा बोर्ड लावला. तो इंग्रजीत होता, त्यामुळे सगळ्यांनी तो शोभेसाठी आहे असं धरलं.

कंट्रोलरांनी तो चष्मा लावून वाचला. शेजारच्या लेनवर दोन खेळाडू एकदम आले तर उजवीकडच्याला आधी खेळू द्यावं, डावीकडच्यानं मागे थांबावं, असं त्यात होतं. त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला.

"हे तं आपलंच हाय," ते म्हणाले. "मी जनमभर बोंबलून राह्यलो, अन् हे साहेब लोक आता बोर्ड लावते."

त्या दिवशी खिशातून रुमाल निघाला, रुमालातून शिट्टी निघाली, तिला एकदा व्यवस्थित पुसण्यात आलं, आणि हॉलला कंट्रोलर मिळाला.

पुढच्या काही रविवारांत त्यांनी खेळाची सगळी भाषाच बदलून टाकली. पिनांना ते सवाऱ्या म्हणतात. एका गोळ्यात दहाही पडल्या की "सगळ्या बसल्या." एखादी राहिली की "एक सवारी उभी हाय, घेऊन जाय तिले." गोळा बाजूच्या पन्हाळीत गेला की "गाडी नालीत." आणि माणूस लेनच्या तोंडाशी रेंगाळला की "फलाट मोकळा करा."

रेंगाळण्यावर त्यांचा दात. उजवी-डावी शिकवली तरी माणसं आपल्या पाळीला तासन्‌तास लावत. कोणी गोळ्याला नमस्कार करी, कोणी मोबाइल टेकवून स्वतःचा व्हिडिओ लावी, डॉक्टर पिनांकडे असे बघत की जणू त्यांनाच 'आ करा' म्हणणार आहेत. कंट्रोलरांनी यावर माप काढलं. तुमची पाळी आली, लेन मोकळी झाली, की ते हात मागे बांधून आर्वी गाडीचे थांबे पुटपुटायला लागतात: "हिंगणघाट, वायगाव, वर्धा, पुलगाव, आर्वी." आर्वी येईपर्यंत गोळा सुटला नाही तर शिट्टी. एका सामन्यात तीन शिट्ट्या झाल्या तर वर्षभर लीगच्या बाहेर, त्यांच्या शब्दांत "गाडी डेपोत." शिवाय एक पोटनियम होता. पुढची गाडी फलाट अडवून उभी असेल तर मागच्या गाडीचा उशीर पुढचीच्या नावावर. म्हणजे उजवीकडचा रेंगाळला तर डावीकडच्याला दोष नाही. हे सगळं आम्ही हात वर करून मंजूर केलं. आमच्या गावात हात वर करताना कोणी फार विचार करत नाही.

नियमाची खरी परीक्षा नगरपरिषदेच्या निवडणुकीआधी झाली. एकाच वॉर्डातले दोन इच्छुक शेजारच्या लेनवर समोरासमोर आले, मागे दोघांचे कार्यकर्ते मोबाइल उघडून. उजवीकडच्यानं खेळायला हवं होतं. त्यानं हात जोडले, "आधी तुम्ही. तुम्ही ज्येष्ठ." डावीकडच्यानं त्याहून खाली वाकून हात जोडले, "छे छे, तुमचा मान आधी." पहिला आणखी वाकला. दुसरा आणखी. आर्वी केव्हाच गेली. पुढे तळेगाव गेलं, आष्टी गेली, तरी दोघं वाकलेलेच. कंट्रोलरांनी दोघांनाही एकेक शिट्टी दिली, कारण डावाही मागे थांबायचं सोडून फलाटावरच वाकला होता. "नमस्काराले बी वेळ राह्यते, भाऊ. फलाट मोकळा करा." सामना आटोपून तेच दोघं बाहेर पडले तेव्हा फाटकात दोघांच्या गाड्या नाकाला नाक लावून अडकल्या, आणि एकानंही मागे घेतली नाही. पाऊण तास आम्ही आत बसून होतो. हॉलच्या बाहेर कंट्रोलरांची शिट्टी चालत नाही.

असं सगळं शिस्तीत चाललेलं असताना एक माणूस मात्र कशालाच दाद देत नव्हता. मनोहरशेठ कोत्तावार. बाजारात सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान, आता मुलगा आणि सून बघतात. शेठ आणि कंट्रोलर शाळेत एका बाकावर होते. अख्ख्या गावात कंट्रोलरांना 'मारोत्या' म्हणणारा हा एकच.

या दोघांचं भांडण बसस्टँडवर सुरू झालं. दुकानाच्या मालासाठी शेठना वर्ध्याला जावं लागे आणि त्यांची सकाळची गाडी नेहमी चुके. गाडी फाटकाबाहेर वळायची आणि पानठेल्यापाशी धोतराचा सोगा धरून शेठ धावत यायचे. "थांबव रे मारोत्या." कंट्रोलर खिडकीतून मान बाहेर न काढता भोंग्यावरच उत्तर द्यायचे, म्हणजे ते सगळ्या स्टँडला ऐकू जाई: "गाडी कोणासाठी थांबत नाई." मग शेठ शिव्या देत काचेच्या खोलीत येऊन बसायचे, चहा मागवायचे, आणि पुढची गाडी लागेपर्यंत दोघं एकमेकांचा उद्धार करत बसायचे. पुढचीही कधीकधी चुकायची. गाडी डोळ्यासमोर फलाटावर उभी असायची आणि शेठचा चहा संपलेला नसायचा. वर्ध्याला जायचंच होतं तर शेठ घरून थोडे आधी का निघत नव्हते, हे कोडं त्यांच्या बायकोलाही कधी सुटलं नाही.

तेच भांडण हॉलमध्ये आलं. शेठची पाळी आली की आधी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून यायचा. मग गोळ्याच्या भोकांत फुंकर मारायची. मग छताकडे पाहून रुई पडणार का याचा अंदाज घ्यायचा. मग मागे वळून कोणाच्या तरी तब्येतीची चौकशी.

"मास्तर, पोट बरं हाय ना आता?"

"बरं आहे शेठ. तुम्ही टाका."

"दही खात जाजा."

शिट्टी.

"मारोत्या, माणूस पोटाचं इचारते अन् तू शिट्टी वाजवतं? लाज हाय का तुले?"

"आर्वी गेली. पोटाचं चहा पेताना इचारजो."

दर रविवारी शेठ मोजून दोन शिट्ट्या खायचे आणि मग एकदम लगबगीनं खेळायला लागायचे. तिसऱ्या शिट्टीला हुलकावणी देणं हाच त्यांचा खेळ होता, पिना पडल्या तर पडल्या. कंट्रोलर चिडून लाल व्हायचे. आम्हा बाकीच्यांना वाटायचं, यांना शेठला बाहेर काढायचंच आहे, फक्त संधी मिळत नाही.

मागच्या दिवाळीनंतर शेठना लकवा मारला. उजवी बाजू गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. कंट्रोलर रोज पहिल्या गाडीनं जायचे. तिथंही त्यांनी वॉर्ड ताब्यात घेतला. भेटीची वेळ झाली आणि दोन खाटांच्या मधल्या बोळात नातेवाइकांची दाटी झाली की हे उठून उभे राहायचे: "उजव्या खाटेवाले आधी." पहिले दोन दिवस लोक चिडले, मग सवयीचे झाले. एकदा मी गेलो तर तिथली सिस्टर मला म्हणाली, "शेठना घरी न्या, पण यांना राहू द्या इथंच."

शेठ घरी आले, आणि पुढचं मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. दुकानात ढेप मोजता मोजताच म्हणाली, "सर, बाबा भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. व्यायामाले उठवलं तं उठत नाई, बोलत बी नाई. फक्त रविवारी सकाळी सदरा मागते. म्हंते, हॉलवर जायचं हाय. तेवढं बंद पडू देऊ नका."

मी मान हलवली खरी, पण मला धास्ती वाटली. कारण शेठनी नुसतं येऊन बसायचं ठरवलं नव्हतं, त्यांना खेळायचं होतं. जोड्यांची फायनल आठवड्यावर आली होती. एका बाजूला कंट्रोलर आणि अकाउंटंट, दुसरीकडे डॉक्टर आणि त्यांचा जोडीदार. तो जोडीदार आजारपणाआधी शेठ होते, आणि ते म्हणाले, मीच खेळणार.

त्या आठवड्यात ते एकदा सरावाला आले. काठी बाकाला टेकवायची, ती घसरायची, पुन्हा टेकवायची. सगळ्यात हलका गोळा डाव्या हातानं उचलायचा, कुशीत घ्यायचा. पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं ओढून आणायचं. मग दम. मी मनातल्या मनात गावं मोजत होतो. आर्वी सोडा, गाडी अमरावतीला पोचून परत निघाली असती. या वेगानं फायनलमध्ये तीन शिट्ट्या पहिल्या तीन पाळ्यांतच झाल्या असत्या, आणि मग वर्षभर डेपो. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला वर्ष म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं.

म्हणून आम्ही तिथंच, शेठसमोर, बैठक घेतली. डॉक्टर म्हणाले, आजारपणामुळे शेठना वेळेची सूट द्यावी. कोणीतरी लहान मुलांसाठी असलेली लोखंडी घसरगुंडी सुचवली. तिच्यावर गोळा ठेवून नुसता ढकलला की झालं. शेठनी त्या घसरगुंडीकडे पाहिलं. तिच्यावर हत्तीचं चित्र आहे.

"मले सवलतीचा पास नको, डाक्टर," ते म्हणाले. बोलणं अजून जड होतं, पण शब्द स्पष्ट होते. "खेळीन तं पूर्ण तिकिटात."

सगळे कंट्रोलरांकडे बघायला लागले. नियम त्यांचा होता, एक शब्द पुरला असता. कंट्रोलर रुमालाची घडी करत म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. नियम सगळ्याले सारखा."

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर कंट्रोलरांबद्दल जे बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात मीही होतो. डॉक्टर म्हणाले, या माणसाच्या छातीत वेळापत्रक आहे. अकाउंटंट, जे त्यांचेच जोडीदार, म्हणाले की जिंकलो तरी मी कप घ्यायला जाणार नाही.

फायनलच्या दिवशी कंट्रोलर स्वतः खेळणार, म्हणून शिट्टी माझ्याकडे आली. त्यांनी ती पुसून माझ्या हातावर ठेवली. "मास्तर, हात कापू देऊ नका. आर्वी म्हंजे आर्वी." मग लेन निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी शेठना विचारलंसुद्धा नाही. "उजवा फलाट माह्या," म्हणाले आणि जाऊन उभे राहिले. मला वाटलं, बघा, इथंही पहिला मान हवाच.

अकाउंटंट आणि डॉक्टर आपापले गोळे टाकून आले. मग कंट्रोलर आणि शेठ शेजारच्या लेनवर एकदम पुढे आले. उजवी गाडी आधी. कंट्रोलरांचा खेळ आम्हाला पाठ होता. उचलला गोळा, तीन पावलं, सुटला. वायगावही येत नाही.

त्या दिवशी त्यांनी गोळा उचलला आणि भोकांत फुंकर मारली. मी "हिंगणघाट, वायगाव" म्हणालो. ते छताकडे पाहायला लागले. "वर्धा." ते मागे वळले.

"मास्तर, पोट बरं हाय ना?"

हॉलमध्ये कोणी हसलं नाही, कारण कोणाला काही कळलंच नाही. माझं पुलगाव झालं, आर्वी झाली. मी कंट्रोलरांच्या शिट्टीनं कंट्रोलरांनाच शिट्टी दिली. त्यांनी मान डोलावली आणि तरी उभेच. तेव्हा माझी नजर त्यांच्या डावीकडे गेली. मागे थांबलेल्या शेठची काठी बाकाला टेकली होती, घसरली होती, पुन्हा टेकली होती. गोळा कुशीत आला होता. एक पाऊल पडलं होतं, दुसरं ओढून येत होतं. ते आलं, शेठनी दम खाल्ला, ताठ झाले. त्याच क्षणी कंट्रोलरांनी गोळा सोडला आणि बाजूला झाले. लेन मोकळी. मी शेठचं "हिंगणघाट" म्हणतो न म्हणतो तोच शेठचा गोळा सुटलाही होता. हळूहळू, कापूस गोळा करत, सहा सवाऱ्या बसवून आला.

पुढच्या पाळीला तसंच. कंट्रोलरांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. त्यांना दुसरी शिट्टी. शेठला त्यात भलतीच मजा यायला लागली. जन्मात पहिल्यांदा त्यांना ही संधी मिळत होती.

"मारोत्या, फलाट मोकळा कर बे. लोकं खोळंबून राह्यले."

"थांब ना. दिसत नाई का, नाडी बांधून राह्यलो?"

"घरून बांधून येत जाय."

शेठचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी इतका मोठा ऐकला. सून मागे बाकावर बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांच्याही आता लक्षात आलं होतं, अकाउंटंटच्याही. प्रत्येक पाळीला शेठला जेवढा वेळ लागायचा तेवढा कंट्रोलर उजव्या लेनवर उभे राहून स्वतःच्या नावावर घेत होते. पोटनियम त्यांचाच. फलाट त्यांनी अडवला होता, त्यामुळे मागच्या गाडीच्या उशिराचा प्रश्नच नव्हता. मी मधल्या काही पाळ्यांना गावं इतकी सावकाश म्हटली की पुलगावला गाडीनं मुक्कामच केला असेल. शेवटची पाळी आली. शेठ दमले होते. पाय ओढून येईना. कंट्रोलर गोळा हातात घेऊन उभे, कपाळावर घाम. मी आर्वी म्हणालो आणि थांबलो. शिट्टी ओठांपाशी होती, वाजवली गेली नाही. तिसरी होती ती.

कंट्रोलरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, आर्वी गेली," ते म्हणाले. "वाजवा."

मी वाजवली. इतकी वर्षं या माणसावर मी हसलो आहे, चिडलो आहे, आणि त्या वेळी मला त्यांच्याबद्दल एवढी माया दाटून आली की शिट्टीचा आवाज फाटका निघाला. शेठचा पाय जागेवर आला. कंट्रोलरांनी गोळा सोडला, तो नालीत गेला. शेठचा गोळा गेला आणि चार सवाऱ्या बसल्या. कप शेठ आणि डॉक्टरांनी जिंकला.

डॉक्टरांनी लगेच सगळ्यांना विचारलं, या वेळी तीन शिट्ट्या माफ करायच्या का. सगळ्यांचे हात वर गेले. कंट्रोलर रागावले. "असे हात वर करता म्हणूनच गावाचं हे झालं," म्हणाले. "नियम सगळ्याले सारखा. माही गाडी वर्षभर डेपोत."

बाहेर पडताना हॉलच्या दारात दोघं एकदम आले. मी मागेच होतो. कंट्रोलर उजवीकडे होते, शेठ काठी टेकत डावीकडे. कंट्रोलर थांबले आणि हातानं दार धरून म्हणाले, "जाय तू."

शेठ उंबऱ्यात उभे राहिले. "आज गाडी थांबवली तू माह्यासाठी."

"थांबवली नाई. रेडिएटरमधी पाणी टाकून राह्यलतो."

"हरेक डावाले?"

"जुनी गाडी हाय," कंट्रोलर म्हणाले. "चाल, चहा पेऊ."

आता नवी लीग सुरू झाली आहे. कंट्रोलरांना खेळता येत नाही, पण शिट्टीवर बंदी नाही, त्यामुळे दर रविवारी ते सगळ्यांच्या आधी हजर असतात. डॉक्टरांना परवा दोन शिट्ट्या बसल्या, मला एक. शेठ येतात, काठी टेकवतात, हलका गोळा कुशीत घेतात आणि पाऊल टाकतात. त्यांची पाळी आली की कंट्रोलर ओठांतली शिट्टी काढतात, खिशातून रुमाल काढतात आणि शिट्टी पुसायला घेतात. आधी बाहेरून, मग तोंडाशी, मग रुमालाचं टोक पिळून आतून.

"किती पुसशीन बे?" शेठ मागे न बघता विचारतात.

"धूळ हाय," कंट्रोलर म्हणतात, आणि गोळा सुटेपर्यंत पुसत राहतात.